दोन हजार सत्तावन्न मतांचे ऋण

आर्थर वेलस्ली हे नाव आपल्याला असईच्या लढाईमुळे ठाऊक आहे. १८०३ च्या सप्टेंबरमध्ये आजच्या जालना जिल्ह्यातल्या त्या गावाजवळ त्याने शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव केला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवून तो युरोपभर गाजला, ड्यूक ऑफ वेलिंग्टन या किताबाने ओळखला जाऊ लागला आणि इंग्लंडचा पंतप्रधानही झाला. माघार घेणाऱ्यांतला हा गडी नव्हे. पण असईनंतर पंचवीस वर्षांनी, पंतप्रधानपदावर असताना, त्याला माघार घ्यावी लागली. ती घ्यायला लावली आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्लेअर नावाच्या एका मतदारसंघातल्या दोन हजार सत्तावन्न मतदारांनी. त्यांच्याकडे तोफा नव्हत्या. बहुतेक जण दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारी कुळे होती.

त्या मतदारांनी निवडून दिलेल्या माणसाचे नाव डॅनियल ओकॉनेल. आयर्लंडमध्ये त्याला लोक मुक्तिदाता म्हणत. मला आयर्लंडची गोडी लागली ती टिळकांमुळे. टिळकांनी १९१६ मध्ये होमरूल लीग काढली तेव्हा होमरूल हा शब्दच आयर्लंडहून घेतला होता. त्या शब्दाच्या मागे मागे जात मी ओकॉनेलपर्यंत पोहोचलो आणि त्याच्या चरित्रात रमलो. पण त्या चरित्रात एक पान असे आहे, की तिथे मी दरवेळी अडखळतो. ते पान मुक्तिदात्याचे आणि त्याच्या मतदारांचे आहे. आज मुख्यतः तेच सांगायचे आहे.

ओकॉनेलचा जन्म ६ ऑगस्ट १७७५ चा, केरी परगण्यात कॅहरसिव्हीनजवळचा. घराणे जुने, कॅथलिक आणि बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अगदी लहानपणी त्याला एका शेतकरी कुटुंबात वाढायला ठेवले होते. तिथे तो आयरिश भाषा बोलत मोठा झाला. नंतर समुद्रकाठच्या डेरीनेन गावच्या मॉरिस या निपुत्रिक काकाने त्याला आपल्या घरी नेले. काका पैसेवाला, काटकसरी आणि करडा. पुतण्याचे शिक्षण त्याने आपल्या खर्चाने करवले, पण फ्रान्समध्ये. मुलगा तिथे शिकत असतानाच फ्रेंच राज्यक्रांतीचा वणवा पेटला आणि १७९३ च्या जानेवारीत, राजाचा शिरच्छेद झाला त्याच दिवसांत, त्याला फ्रान्स सोडून पळावे लागले. रक्तपाताने मिळणाऱ्या स्वातंत्र्याची धास्ती त्याच्या मनात तेव्हापासून जी बसली ती शेवटपर्यंत गेली नाही.

त्याने वकिलीचा अभ्यास केला आणि १७९८ मध्ये डब्लिनला वकिली सुरू केली. आवाज असा, की उघड्या माळावर हजारोंना ऐकू जावा. उलटतपासणीत तर भल्याभल्यांची भंबेरी उडे. गरीब कुळांना फाशीच्या दोरापासून सोडवणारा वकील म्हणून खेडोपाडी त्याची ख्याती झाली. १८०२ मध्ये त्याने मेरी नावाच्या दूरच्या नात्यातल्या मुलीशी गुपचूप लग्न केले. मुलीकडे हुंडा नव्हता. काकाला हे कळले तेव्हा तो संतापला आणि पुतण्याला वारशातला मोठा वाटा गमवावा लागला. पण ओकॉनेलने या लग्नाचा कधी पश्चात्ताप केला नाही. मेरी १८३६ मध्ये वारली. तोवर दौऱ्यावरून तो तिला सतत पत्रे लिहीत राहिला, आणि वकिलीत खोऱ्याने मिळवूनही कर्जबाजारी होणाऱ्या या उधळ्या नवऱ्याला ती सांभाळत राहिली.

या माणसाच्या आयुष्यात एक काळी घटना आहे. १८१५ मध्ये डब्लिन महापालिकेवर टीका केल्यावरून डेस्टेअर नावाच्या सभासदाने त्याला द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. ओकॉनेलच्या गोळीने तो घायाळ झाला आणि मरण पावला. ओकॉनेलला याचा जन्मभर घोर लागला. मृताच्या मुलीला तो वर्षानुवर्षे पैसे पाठवत राहिला आणि पुढे त्याने कुणावरही पिस्तूल उगारले नाही. त्याच्या राजकारणातला शस्त्राचा तिटकारा नुसता पुस्तकी नव्हता, हे ध्यानात घ्यायला हवे.

आता थोडे त्या वेळच्या आयर्लंडविषयी. १८०१ मध्ये डब्लिनची पार्लमेंट बरखास्त होऊन आयर्लंड ब्रिटनला जोडला गेला आणि आयरिश खासदार लंडनला जाऊन बसू लागले. क्लेअर परगण्याच्या वाट्याला दोन जागा आल्या. देशातली बहुसंख्य जनता कॅथलिक, पण कॅथलिक माणसाला पार्लमेंटमध्ये बसता येत नसे. निवडणूक लढवू नये असे कायद्यात कुठे म्हटलेले नव्हते. मेख होती ती शपथेत. सभागृहात बसण्यापूर्वी जी शपथ घ्यावी लागे, तीत कॅथलिकांची प्रार्थना ही अंधश्रद्धा आणि मूर्तिपूजा आहे असे म्हणावे लागे. कोणता श्रद्धावान माणूस हे म्हणेल? म्हणजे दार उघडे, पण उंबऱ्यावर अशी अट, की आत जाणाऱ्याने आपला धर्म बाहेर ठेवून जावे.

मताचा अधिकार मात्र कॅथलिकांना १७९३ मध्येच मिळाला होता. ज्याच्या जमिनीच्या तहहयात पट्ट्यातून, खंड वजा जाता, वर्षाला चाळीस शिलिंगांचे उत्पन्न निघते तो मतदार. चाळीस शिलिंग म्हणजे दोन पौंड. जमीनदारांना हे सोयीचेच होते. जमिनीचे लहान लहान तुकडे करून कुळांना तसे पट्टे द्यायचे आणि निवडणुकीला त्यांना कळपासारखे हाकत न्यायचे. मतदान गुप्त नव्हते. मतदाराने सर्वांसमक्ष उभे राहून आपल्या उमेदवाराचे नाव मोठ्याने सांगायचे, आणि कारभारी समोर उभा असे. अशा वेळी मालकाने सांगितलेल्या नावाखेरीज दुसरे नाव तोंडातून निघणार कसे? कुळांची थकबाकी नेहमीच असे; ती एकरकमी मागितली की घरदार गेलेच.

ओकॉनेलने या लोकांना आपल्याकडे वळवले ते नुसत्या भाषणांनी नव्हे. १८२३ मध्ये त्याने कॅथलिक असोसिएशन स्थापन केली आणि पुढच्या वर्षी तिची वर्गणी दरमहा एक पेनी ठेवली. चर्चच्या दारात दर रविवारी पेटी फिरू लागली. आपल्याकडे पुढे पैसा फंड निघाला त्याची इथे आठवण होते. एक पेनी देणारा माणूस ती चळवळ आपली मानू लागतो. पेनीच्या किमतीपेक्षा ही गोष्ट मोठी. १८२६ मध्ये वॉटरफर्डला कुळांनी बलाढ्य बेरेसफर्ड घराण्याचा उमेदवार पाडला आणि मालकाविरुद्धही मत देता येते हे साऱ्या देशाने पाहिले.

मग आले १८२८. वेलिंग्टनच्या मंत्रिमंडळात क्लेअरचे खासदार वेसी-फिट्झजेराल्ड यांना मंत्रिपद मिळाले. त्या काळी मंत्री होणाऱ्याची जागा रिकामी होऊन त्याला पुन्हा निवडून यावे लागे. हा माणूस वाईट नव्हता. तो कॅथलिकांच्या हक्कांच्या बाजूचा होता, लोकांची कामे करणारा होता, आणि त्याच्या बापाने ब्रिटनशी जोडणीला विरोध करून आपले पद गमावले होते. त्याच्यासमोर उभा राहायला कोणी प्रॉटेस्टंट उमेदवार मिळेना. तेव्हा ओकॉनेलच्या मित्रांना कल्पना सुचली, की कॅथलिकानेच उभे राहावे. कायदा त्याला उभे राहण्यापासून रोखत नाही; निवडून आल्यावर आत घेणार नाही. न घेवो, मग साऱ्या जगाला दिसेल, की लोकांनी निवडलेला माणूस दाराबाहेर उभा आहे.

३० जूनला क्लेअरमधल्या एनिस गावी, कोर्टाच्या इमारतीत, निवडणुकीला सुरुवात झाली. ओकॉनेलचे नाव सुचवले ओगॉर्मन माहन याने आणि अनुमोदन दिले टॉम स्टील या प्रॉटेस्टंट जमीनदाराने. हा स्टील पुढे ओकॉनेलच्या चळवळीपायी स्वतःची सारी मालमत्ता घालवून बसला. गावोगावची कुळे आपापल्या धर्मगुरूंच्या मागून चालत एनिसला आली. गावात हजारोंची गर्दी होती, पण दंगा नाही, मारामारी नाही. दारूला कुणी शिवायचे नाही असे ठरले होते आणि लोकांनी ते पाळले. आयर्लंडमधल्या निवडणुकीत दारू नाही, याचे सरकारी अधिकाऱ्यांना आश्चर्य वाटले आणि भीतीही वाटली. बेशिस्त जमाव पांगवता येतो. शिस्तीत उभ्या असलेल्या जमावाचे काय करायचे?

एकेक कूळ पुढे येत होते आणि मालकाच्या कारभाऱ्यासमोर ओकॉनेलचे नाव घेत होते. मला या साऱ्या हकिगतीत सर्वांत मोठा क्षण हाच वाटतो. ओकॉनेलला हरण्यात फारसा धोका नव्हता. त्याची वकिली होती, नाव होते. त्या कुळाला मात्र संध्याकाळी घरी परतायचे होते आणि ते घर मालकाच्या जमिनीवर होते. त्याला स्वतःला पार्लमेंटमध्ये जायचे नव्हते. लंडन त्याने पाहिले नव्हते, पाहणारही नव्हते. तरी दोन हजार सत्तावन्न जणांनी ओकॉनेलचे नाव घेतले. वेसी-फिट्झजेराल्डला ९८२ मते मिळाली. ५ जुलैला निकाल लागला.

लंडनमध्ये वेलिंग्टन आणि त्याचा गृहमंत्री पील दोघेही हादरले. दोघांचाही कॅथलिकांना आत घेण्याला विरोध होता. पण पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत आयर्लंडभर क्लेअरचीच पुनरावृत्ती होणार हे उघड होते, आणि तेव्हा काय करायचे? सैन्य धाडायचे तर त्या सैन्यात आयरिश कॅथलिक शिपाई ठायी ठायी भरलेले. वेलिंग्टन मुळात सेनापती. कोणती लढाई लढू नये हे त्याला कळत होते. त्याने पीलला सोबत घेऊन कायदा आणला, कुरकुरणाऱ्या राजाला राजी केले. मत बदलल्यामुळे पीलने ऑक्सफर्ड विद्यापीठाची आपली जागा सोडून पुन्हा कौल मागितला आणि तिथे तो पडला. दुसरीकडून त्याला यावे लागले. १३ एप्रिल १८२९ रोजी कॅथलिक मुक्तीच्या कायद्यावर राजाची सही झाली. ब्रिटनच्या पार्लमेंटची दारे कॅथलिकांना उघडली.

आणि आता ते पान, जिथे मी अडखळतो.

मुक्तीच्या कायद्याबरोबरच दुसरा एक कायदा मंजूर झाला. आयर्लंडच्या परगण्यांत मताधिकारासाठी चाळीस शिलिंगांची अट होती ती दहा पौंडांवर नेली गेली. म्हणजे एकदम पाचपट. दोन लाखांहून अधिक मतदारांची संख्या सुमारे ३७ हजारांवर आली. ज्या कुळांनी घरदार पणाला लावून ओकॉनेलला निवडून दिले, त्यांच्यातल्या बहुतेकांचे मतच गेले. सरकारचा हिशेब सरळ होता. श्रीमंत कॅथलिकांना आत घ्यायचे आणि ज्या गरिबांनी हा गोंधळ घातला त्यांच्या हातून हत्यार काढून घ्यायचे.

ओकॉनेलने काय केले? या कुळांचा हक्क जाऊ देणार नाही असे वचन त्याने दिले होते. १८२५ मध्ये अशाच एका सौद्याला तो राजी झाला होता आणि त्याबद्दल स्वकीयांचे बोल त्याने खाल्ले होते; वॉटरफर्डच्या विजयानंतर तर ही कुळे त्याला जिवाभावाची वाटू लागली होती. या वेळी त्याने निषेध केला, पण बेताचा. त्यासाठी त्याने रान उठवले नाही. मुक्तीचा कायदा डोळ्यांसमोर मंजूर होत होता. दुसऱ्या कायद्याविरुद्ध उठावे तर पहिलाही हातचा जाण्याची भीती. त्याने ती किंमत मोजू दिली. मात्र ती किंमत दुसऱ्यांच्या खिशातली होती.

त्याला मी दगाबाज म्हणणार नाही. शेकडो वर्षांचा अन्याय दूर होण्याची वेळ आली असताना हाती आले ते घ्यायचे, की सगळे मिळेपर्यंत थांबायचे, हा पेच प्रत्येक चळवळीच्या नेत्यापुढे कधी ना कधी येतो. घरबसल्या निवाडा करणे सोपे असते. पण त्याला या ऋणातून मोकळेही करता येत नाही. कारण पुढची हकिगत अशी आहे:

१५ मे १८२९ रोजी ओकॉनेल पार्लमेंटमध्ये गेला. नवा कायदा त्याच्यासारख्या आधी निवडून आलेल्यांना लागू होत नाही, असा खुसपटी मुद्दा काढून त्याच्यासमोर जुनीच शपथ ठेवली गेली. त्याने ती वाचली आणि नाकारली. त्याला परत पाठवण्यात आले. जुलैअखेर क्लेअरमध्ये पुन्हा निवडणूक झाली आणि तो बिनविरोध आला. एका वर्षापूर्वी ज्या एनिसमध्ये माणसांचा पूर लोटला होता, तिथे या वेळी मत द्यायची गरजच पडली नाही. आणि पडली असती तरी त्या पूर्वीच्या मतदारांतल्या फार थोड्यांना ते देता आले असते. ४ फेब्रुवारी १८३० ला ओकॉनेल आपल्या जागेवर बसला. त्याच वर्षी सार्वत्रिक निवडणूक आली आणि त्याने क्लेअर सोडले. वॉटरफर्ड, मग केरी, मग डब्लिन अशा जागांवरून तो येत राहिला.

पुढची सतरा वर्षे त्याने वाया घालवली असे कोणी म्हणू शकणार नाही. गुलामगिरीविरुद्ध तो इतका कडाडून बोलला, की अमेरिकेतल्या आयरिश वर्गणीदारांची नाराजीही त्याने पत्करली. १८४१ मध्ये तो डब्लिनचा महापौर झाला. ज्या महापालिकेवरच्या टीकेपायी एक जीव गेला होता तिचाच प्रमुख. डब्लिनची पार्लमेंट परत मिळावी म्हणून १८४३ मध्ये त्याने प्रचंड सभा घेतल्या. क्लॉनटार्फची सभा सरकारने आदल्या दिवशी बंद केली, तेव्हा रक्त सांडू नये म्हणून त्याने ती रद्द केली. तरुण सहकाऱ्यांना हा पळपुटेपणा वाटला. मला तिथे फ्रान्समधून पळालेला मुलगा आणि द्वंद्वयुद्धानंतर खचलेला माणूस दिसतो. तरीही सरकारने त्याला १८४४ मध्ये तुरुंगात टाकले. काही महिन्यांनी लॉर्ड्स सभागृहाने शिक्षा रद्द केली. बाहेर आला तेव्हा तो म्हातारा झाला होता.

आणि १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला. दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. क्लेअरची लोकसंख्या १८४१ मध्ये दोन लाख शहाऐंशी हजार होती. दहा वर्षांनी ती दोन लाख बारा हजार उरली. क्लेअरच्या पश्चिम भागातल्या किलरश तालुक्यात तर कुळांची घरे पाडून त्यांना रस्त्यावर काढण्याचा कहर झाला. पूर्वी कूळ म्हणजे मत होते, म्हणून मालकाला जमिनीवर कुळे हवी असत. मत गेले तसे हे कारणही गेले. दुष्काळ काही मतदानाच्या कायद्याने आणला नाही, आणि कुळे काढण्यामागे कर, कर्ज अशी इतरही कारणे होती. पण ज्याच्या मताला किंमत नाही त्याच्या घराला किती किंमत उरते, हे क्लेअरने पाहिले.

१८४७ च्या फेब्रुवारीत ओकॉनेल शेवटचा पार्लमेंटमध्ये बोलला. माळावर हजारोंना ऐकू जाणारा तो आवाज आता जवळच्या बाकांवरही पोहोचत नव्हता. उपाशी मरणाऱ्या देशबांधवांसाठी त्याने मदत मागितली. विरोधकही स्तब्ध होऊन ऐकत होते. मग तो रोमच्या वाटेला लागला, पण जिनोआला १५ मे १८४७ रोजी त्याचा अंत झाला. अठरा वर्षांपूर्वी त्याच तारखेला तो पार्लमेंटच्या दारात उभा राहिला होता. हृदय रोमला नेण्यात आले, देह डब्लिनच्या ग्लासनेव्हिन दफनभूमीत विसावला.

क्लेअरची गोष्ट मात्र त्याच्याबरोबर संपली नाही. १८७२ मध्ये गुप्त मतदान आले आणि कारभाऱ्यासमोर नाव घेण्याची पाळी संपली. १८८५ मध्ये परगण्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन मतदारसंघ झाले. पूर्व क्लेअरचा खासदार विली रेडमंड हा होमरूलवाला. पन्नाशी उलटल्यावर ब्रिटिश सैन्यात भरती झाला आणि १९१७ च्या जूनमध्ये मेसीनच्या लढाईत पडला. त्याच्या जागी उभा राहिला नुकताच तुरुंगातून सुटलेला एमन डी व्हॅलेरा. १९१६ च्या बंडात त्याला फाशीऐवजी जन्मठेप झाली होती. त्याला ५,०१० मते पडली, प्रतिस्पर्ध्याला २,०३५. ओकॉनेलला पार्लमेंटमध्ये बसायचे होते आणि बसू देत नव्हते. डी व्हॅलेराने निवडून येऊन लंडनला जायचेच नाकारले. पुढे पंतप्रधान झाल्यावरही, १९५९ मध्ये राष्ट्राध्यक्ष होईपर्यंत, त्याने क्लेअर सोडले नाही. १९१८ मध्ये मताधिकार सर्व प्रौढ पुरुषांना आणि तीस वर्षांवरच्या बऱ्याच स्त्रियांना मिळाला. ओकॉनेलच्या कुळांच्या नातवंडा-पतवंडांना, तेही बायकांसह, अखेर मत आले. आणि गंमत अशी, की क्लेअरच्या दोन्ही जागा त्या वर्षी बिनविरोध गेल्या!

१९९२ मध्ये याच क्लेअरने मूसाजी भामजी या डॉक्टरला डब्लिनच्या सभागृहात पाठवले. जन्म दक्षिण आफ्रिकेतला, घराणे मूळचे भारतातले, धर्म इस्लाम. आयर्लंडच्या संसदेतला हा पहिला मुसलमान सभासद. एके काळी कॅथलिकाला आत पाठवण्यासाठी लढलेल्या मतदारसंघाने धर्माची अट आपल्यापुरती निकालात काढली होती.

आपल्याकडे इंग्रजी अमलात मत होते ते सारा भरणाऱ्यांना, घरपट्टी भरणाऱ्यांना, शिकलेल्यांना. सगळ्यांच्या हाती ते आले १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. माझी आजी त्या वेळी ठेवणीतले लुगडे नेसून मतदानाला गेली होती, असे घरात सांगत. तिला वाचता येत नव्हते, जमीन तिच्या नावावर नव्हती. क्लेअरच्या कायद्याने तिला मतदार मानलेच नसते. आपल्याला ते न मागता मिळाल्यासारखे वाटते, म्हणून त्याची किंमत चटकन जाणवत नाही.

एनिसच्या जुन्या कोर्टाच्या जागी आज उंच स्तंभ आहे आणि त्यावर ओकॉनेलचा पुतळा. तो त्या सन्मानाला पात्र आहे यात मला शंका नाही. पण स्तंभ उभा आहे ती जागा कुळांची आहे. कारभाऱ्याच्या डोळ्यांत पाहून त्यांनी इथेच एक नाव उच्चारले होते. त्या नावाला इतिहासात जागा मिळाली, आणि ते उच्चारणाऱ्यांना त्याबद्दल मिळाले ते एवढेच, की पुन्हा कोणतेही नाव उच्चारण्याचा हक्क त्यांना राहिला नाही.